र. धों., ना. धों. मधला हा ‘धों.’ कोण? आणि धोंडू हे नाव ठेवणं लोकांनी का सोडलं?

र. धों. कर्वे आणि ना. धों. महानोर. मराठी वाचणाऱ्या माणसाच्या डोळ्यांखालून ही दोन नावं शेकडो वेळा गेलेली असतात. आडनाव समोर असतं, पहिलं अक्षर कशाचं हेही बऱ्याच जणांना ठाऊक असतं. मधल्या ‘धों.’कडे मात्र सहसा कुणी बघत नाही.

हा ‘धों.’ म्हणजे धोंडो. रघुनाथ धोंडो कर्वे आणि नामदेव धोंडो महानोर. मराठीत मधलं नाव वडिलांचं असतं, म्हणजे दोघांच्याही वडिलांचं नाव धोंडो होतं. एका घरातले वडील म्हणजे खुद्द महर्षी धोंडो केशव कर्वे, महिला विद्यापीठाचे संस्थापक आणि भारतरत्न.

आता आज एखाद्या बारशाला आत्याने बाळाच्या कानात ‘धोंडो’ म्हटलं तर काय होईल, याची कल्पना करा. पाळण्याभोवतीच्या बायका आधी हसतील. मग बाळाची आई रडेल. मग बाळाच्या बाबांच्या मोबाइलवर ‘अर्थासहित मुलांची नावं’ पुन्हा शोधली जातील.

शंभर-दीडशे वर्षांपूर्वी मात्र हे नाव महाराष्ट्रात सरसकट होतं. पेशव्यांच्या घरात होतं, कोकणातल्या भटजींच्या घरात होतं, घाटावरच्या कुणब्याच्या घरात होतं आणि गावकुसाबाहेरही होतं. धोंडो, धोंडू, धोंडीबा, धोंडीराम, धोंडोपंत. मुलींमध्ये धोंडूबाई, धोंडाबाई, धोंडूताई. जयपूर-अत्रौली घराण्याच्या गायिका आणि केसरबाई केरकरांच्या शिष्या धोंडूताई कुलकर्णी यांचा जन्म कोल्हापुरातला, १९२७ सालचा. म्हणजे विसावं शतक पाव संपलं तरी चांगल्या घरात मुलीला हे नाव मिळत होतं.

धोंडा म्हणजे दगड. पोटच्या पोराला दगड का म्हणायचं?

गालावरचा तीट आणि नावातला धोंडा

घरात लहान बाळ असेल तर हे लगेच कळेल. बाळाला न्हाऊ-माखू घालतात, पावडर लावतात, छान कपडे घालतात. आणि मग त्याच गोऱ्या-गोमट्या गालावर काजळाचा एक काळा ठिपका लावतात. मुद्दाम, थोडं विद्रूप दिसावं म्हणून. दृष्ट लागू नये म्हणून.

धोंडू हे नाव म्हणजे तोच तीट, फक्त नावाला लावलेला.

ज्या घरात एकामागून एक मुलं जात, तिथे पुढच्या बाळाला गोंडस नाव ठेवण्याची आईबापांना धास्ती वाटायची. सुंदर नाव म्हणजे ‘इथे काहीतरी मोलाचं आहे’ अशी दवंडीच. मग नाव असं ठेवायचं की मृत्यूला, सटवाईला, वाईट नजरेला वाटावं, हे काय, हा तर दगड आहे, याला नेऊन काय करायचं? शिवाय दगड टिकतो. ऊन, पाऊस, ताप, खोकला, कशाने तो जात नाही. आधीची गेली, हा तरी दगडासारखा राहू दे. एकाच नावात फसवणूकही होती आणि मागणंही होतं.

दगडू हे याच जातीचं नाव. गुंडू, गुंडोपंत यांतला गुंडा म्हणजे गोल दगड. केरू, केरोबा यांत केर आहे. कचरू तर सरळच आहे. कोंडू, कोंडिबा यांत धान्याचा कोंडा. भिकू, भिकाजी म्हणजे देवाकडे भीक मागून मिळालेला. फकिरा म्हणजे पिराला किंवा फकिराला नवस बोलून झालेला. काही गावांत उकिरडा नावाची माणसंही होती.

यातली बरीचशी नावं नुसती ठेवली जात नसत, त्यामागे एक छोटंसं नाटकही असायचं. जन्मलेलं बाळ उकिरड्यावर किंवा केराच्या सुपात क्षणभर ठेवायचं आणि दुसऱ्या कुणी तरी उचलून आणायचं. म्हणजे हे त्या आईचं बाळच नव्हे, रस्त्यावर सापडलेलं आहे. किंवा बाळ सुइणीला, शेजारणीला ‘द्यायचं’ आणि मूठभर कोंडा देऊन परत ‘विकत घ्यायचं’. या आईची मुलं जगत नाहीत ना? मग हे या आईचं नाहीच. काही घरांत मुलाचं नाक टोचून नथ घालत, म्हणजे मुलगा नाही, मुलगी आहे असं भासावं. त्यातून नथू हे नाव आलं. गांधीजींचा मारेकरी नथुराम गोडसे याचं मूळ नाव रामचंद्र होतं. आधीचे तीन भाऊ तान्हेपणीच गेल्यामुळे त्याला लहानपणी नथ घातली गेली आणि तेच नाव चिकटलं.

ही समजूत फक्त मराठी मुलखातली नव्हती. बंगालमध्ये तीनकौडी हे नाव असायचं, म्हणजे तीन कवड्यांना विकत घेतलेला. आणि सगळ्यांना माहीत असलेलं एक नाव म्हणजे खुदीराम बोस. खुद म्हणजे तांदळाच्या कण्या. दोन भाऊ आधी वारले होते, म्हणून थोरल्या बहिणीने तीन मुठी कण्या देऊन या भावाला ‘विकत घेतलं’ आणि त्याचं नाव खुदीराम पडलं. १९०८ साली वयाच्या अठराव्या वर्षी तो फासावर गेला. त्याच मुझफ्फरपूर बॉम्ब प्रकरणावर ‘केसरी’त लिहिल्याबद्दल टिळकांना सहा वर्षं मंडालेला जावं लागलं. मरणाला चकवण्यासाठी ठेवलेलं नाव, आणि ते देशभर पोचलं फाशीमुळे.

नावामागची भीती किती खरी होती हे आज समजणं कठीण आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भारतात जन्मलेल्या दर पाच मुलांमागे किमान एक मूल पहिला वाढदिवस बघत नव्हतं. हे झालं फक्त पहिल्या वर्षाचं. त्यानंतर देवी, गोवर, पटकी, हिवताप असायचेच. आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या त्यामागेही हेच दुःख होतं. चौदाव्या वर्षी झालेला त्यांचा मुलगा दहा दिवसांत गेला. पुण्यातले दगडूशेठ हलवाई, ज्यांच्या नावाच्या गणपतीपुढे आज लाखोंची गर्दी होते, त्यांचाही मुलगा साथीत गेला आणि त्या दुःखातून सावरताना ही मूर्ती उभी राहिली असं सांगितलं जातं.

पण प्रत्येक धोंडोमागे मृत्यूच असतो असं नाही

अधिक महिन्याला मराठीत धोंड्याचा महिना म्हणतात. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा साधारण अकरा दिवसांनी लहान असतं, तो फरक भरून काढायला सुमारे साडेबत्तीस महिन्यांनी एक जादा महिना घालतात. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ. या महिन्यात जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खायला घालतात आणि वाण देतात. एरवी मात्र लग्न, मुंज यांसारख्या शुभकार्यांना हा महिना वर्ज्य, म्हणून मलमास. अशा महिन्यात मूल जन्मलं की त्याचं नाव आपोआप धोंडू पडायचं. सोमवारी जन्मला तो सोमा, मंगळवारी जन्मला तो मंगळ्या, तसाच धोंड्यात जन्मला तो धोंड्या.

तिसरी वाट आजोबांची. नातवाला आजोबांचं नाव ठेवायची पद्धत मराठी घरांत पक्की होती. एकदा घरात एक धोंडो झाला की त्याचा नातू धोंडो, मग त्या नातवाचा नातूही धोंडो. वंशावळ उघडली की धोंडो-केशव-धोंडो-केशव अशी साखळीच दिसते. पहिल्या धोंडोच्या वेळी घरात काय झालं होतं हे पुढे कुणाच्या लक्षातही राहत नसे. कारण विसरलं तरी नाव चालत राहायचं. त्यामुळे एखाद्या धोंडोपंतांचं नाव बघून ‘यांची आधीची भावंडं गेली असणार’ असं ठरवून टाकणं धोक्याचं आहे.

एकच नाव, तीन पायऱ्या

नाव एकच असलं तरी ते हाक मारणाऱ्याच्या तोंडात बदलायचं. ब्राह्मण असेल तर धोंडोपंत. शेतकरी असेल तर धोंडीबा किंवा धोंडीराम. आणि गावकुसाबाहेरचा असेल तर धोंड्या. दगड तोच, त्याला शेंदूर कुणी लावायचा हे जात ठरवायची.

पंतांच्या पायरीवर सगळ्यांत मोठं नाव नानासाहेब पेशव्यांचं. १८५७ च्या उठावातल्या या नेत्याचं खरं नाव धोंडोपंत. दुसऱ्या बाजीरावाने १८२७ साली त्यांना दत्तक घेतलं आणि इंग्रजांच्या कागदपत्रांत ते कायम धोंडू पंत म्हणूनच येतात. १८५८ मध्ये इंग्रज या धोंडोपंताच्या मागावर होते. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये कोकणात शेरवली गावी दुसरा धोंडो जन्माला आला, तो कर्व्यांचा.

त्याआधी १८०० साल तर जणू धोंडोंचंच होतं. टिपूच्या कैदेतून सुटलेल्या धोंडजी वाघाने कर्नाटकात फौज जमवून स्वतःला दोन्ही लोकांचा राजा म्हणवून घ्यायला सुरुवात केली. त्याच्याशी लढताना मराठ्यांचे सरदार धोंडोपंत गोखले मारले गेले, म्हणजे शेवटच्या इंग्रज-मराठा युद्धातले सेनापती बापू गोखले यांचे चुलते. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात आर्थर वेलस्लीने, म्हणजे पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणाऱ्या ड्यूक ऑफ वेलिंग्टनने, धोंडजीला गाठून ठार केलं. दोन्ही बाजूंनी धोंडो, आणि दगडासारखा टिकला कुणीच नाही.

मधल्या पायरीवरचा धोंडीबा सापडतो तो जोतीराव फुल्यांच्या ‘गुलामगिरी’त. १८७३ चं हे पुस्तक संवादाच्या रूपात आहे. प्रश्न विचारणारा धोंडीबा, उत्तरं देणारे जोतीराव. बहुजन समाजातला साधा, विचार करू लागलेला माणूस उभा करताना फुल्यांना जे नाव सुचलं ते धोंडीबा. यावरून त्या काळी हे नाव किती घरोघरी होतं याचा अंदाज येतो.

तिसऱ्या पायरीवर गोष्ट वेगळी होते. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात वर्णाप्रमाणे नावं कशी असावीत ते सांगितलंय: ब्राह्मणाचं मंगल, क्षत्रियाचं बलवान, वैश्याचं धनाशी जोडलेलं आणि शूद्राचं तुच्छता दाखवणारं. म्हणजे वरच्या घरात धोंडो ही एक युक्ती होती. घरात चांगल्या नावांचा साठा असताना मुद्दाम निवडलेलं हलकं नाव. गावकुसाबाहेर मात्र हलकं नाव हीच रीत होती. तिथेही मुलं मरत होतीच, किंबहुना जास्त मरत होती, त्यामुळे भीतीही खरी होती. पण त्या नावाचा दुसरा उपयोग गावाला होता, माणसाला त्याची जागा दाखवण्याचा.

दया पवारांच्या ‘बलुतं’ची (१९७८) सुरुवात आठवून पाहा. तिथे शिकलेला, शहरात आलेला दया पवार आणि गावातून त्याच्यासोबत आलेला दगडू मारुती पवार एकमेकांना भेटतात. दोघं एकच आहेत. दगडू हे त्यांचं खरं नाव. मराठीत या नावांबद्दल पुष्कळ गमतीजमती लिहिल्या गेल्यात, पण ते नाव अंगावर वागवणाऱ्या माणसाने त्याबद्दल काय सोसलं हे कळायला ‘बलुतं’च्या जवळ जाणारं दुसरं पुस्तक क्वचितच असेल. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर महाराष्ट्रातल्या बौद्ध घरांतून सिद्धार्थ, गौतम, राहुल, सुजाता, प्रज्ञा अशी नावं झपाट्याने आली. तिथे दगडू आणि धोंड्या ही नावं नुसती जुनी झाली म्हणून गेली नाहीत. लोकांनी ठरवून टाकून दिली.

मग धोंडो गेला कुठे?

याचं एक उत्तर कर्व्यांच्याच घरात आहे. धोंडो केशव कर्व्यांच्या मुलांची नावं रघुनाथ, शंकर, दिनकर आणि भास्कर. एकही धोंडा नाही. शिकलेल्या शहरी घरांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच वारं फिरलं होतं. मुलगा शाळेत जाणार, हजेरीपटावर त्याचं नाव येणार, पुढे त्याला नोकरी लागणार. नाव आता फक्त सटवाईने ऐकायचं नव्हतं, साहेबानेही ऐकायचं होतं. त्यातच कादंबऱ्या आल्या, नाटकं आली, पुढे सिनेमा आला आणि नावं तिथून उचलली जाऊ लागली.

पण फॅशन हे अर्धंच उत्तर झालं. फॅशन बदलली म्हणून गोविंद, विष्णू, नारायण हीसुद्धा जुनी झाली, तरी ती नामशेष झाली नाहीत. धोंडू मात्र मुळापासून गेला, कारण त्याचं कामच संपलं.

१९५० च्या दशकात भारतात जिवंत जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी सुमारे १४६ बाळं वर्षाच्या आत जात होती. १९७१ मध्ये हा आकडा १२९ होता. देवीचा भारतातला शेवटचा रुग्ण १९७५ चा. १९७८ पासून लसीकरणाचा विस्तारित कार्यक्रम आणि १९८५ पासून सार्वत्रिक लसीकरण सुरू झालं. विहिरीत औषध पडू लागलं, जुलाबाला मीठ-साखरेचं पाणी आलं, बाळंतपणं दवाखान्यात होऊ लागली. २०२० च्या नमुना नोंदणी पाहणीत देशाचा आकडा २८ वर आला होता आणि महाराष्ट्राचा १६ वर.

हजारात १६. म्हणजे आज बहुतेक घरांत बाळ गेलेलं कुणी पाहिलेलंच नसतं. आजोबांना विचारा, त्यांना एखादं भाऊ-बहीण आठवेल, जे ‘लहानपणीच गेलं’. पणजीला विचारता आलं असतं तर तिने बोटांवर मोजून दाखवलं असतं. धोंडू हे नाव या दोन पिढ्यांच्या मधल्या फटीत हरवलं.

इथेही सगळ्यांची पाळी एकाच वेळी आली नाही. मुंबई-पुण्यातल्या घरांत मुलं आधी वाचू लागली, डोंगराळ आणि आदिवासी भागांत फार नंतर. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीत ज्या ३९ गावांत काम केलं, तिथे १९८८ मध्ये अर्भकमृत्यूचा दर हजारी १२१ होता. म्हणजे देशातली शहरं कुठच्या कुठे गेली होती तेव्हा ही गावं अजून धोंडूच्या काळातच होती. गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं गेलं. बाळाला ऊब कशी द्यायची, न्युमोनिया कसा ओळखायचा, इंजेक्शन कधी द्यायचं. २००३ पर्यंत तो दर ३० वर आला. हीच पद्धत पुढे आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर नेली गेली.

आणि या सगळ्यात र. धों. कर्वे कुठे येतात? ज्या काळात दोन-तीन मुलं जाणार हे गृहीत धरून आठ-दहा मुलं होऊ दिली जात, त्या काळात, १९२१ साली, त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. १९२७ पासून १९५३ मध्ये मरण येईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवलं. त्यापायी प्राध्यापकी गेली, खटले झाले, लोकांनी तोंडावर थुंकायचं तेवढं बाकी ठेवलं. मुलं मोजकी असावीत आणि ती आईला झेपतील अशी असावीत, हे सांगणाऱ्या माणसाच्या सहीत आयुष्यभर ‘धों.’ होता.

हसण्यावारी गेलेलं नाव

कारण संपलं की नावाचा फक्त आवाज उरतो, आणि ‘धोंडू’चा आवाज शहरी कानाला विनोदी वाटू लागला. धोंडोपंत म्हणजे पेशवा हे लोक विसरले. धोंडू म्हणजे गावाकडून आलेला गडी, कॅन्टीनमधला पोऱ्या, नाटकात ट्रे घेऊन येणारं पात्र, असं ठरून गेलं. ज्याला गणित येत नाही त्याला वर्गात ‘धोंड्या’ म्हणायचं. २०१४ च्या ‘टाइमपास’मध्येही हे दिसतं. चाळीतल्या, दहावी नापास नायकाचं नाव दगडू आणि त्याला आवडणारी मुलगी प्राजक्ता लेले. या दोघांच्यात काय अडचण येणार हे प्रेक्षकाला नावं ऐकूनच कळतं, वेगळं सांगावं लागत नाही.

गंमत अशी की ‘दगड’ या अर्थाची नावं जगात फार प्रतिष्ठेने मिरवतात. पीटर या नावाचा मूळ ग्रीक अर्थ खडक, दगड. येशूने आपल्या शिष्याला दिलेलं हे नाव. तेच पोर्तुगीजांत पेद्रो झालं आणि गोव्यात पेद्रू. म्हणजे गोव्यातला पेद्रू आणि शेजारच्या सिंधुदुर्गातला धोंडू हे अर्थाने सख्खे भाऊ. फरक एवढाच की पीटरला खडक म्हटलं ते त्याच्यावर काहीतरी उभारायचं म्हणून, आणि धोंडूला दगड म्हटलं ते त्याच्याकडे कुणाचं लक्ष जाऊ नये म्हणून.

धोंडू गेला, पण नकुशा उशिरापर्यंत राहिली

या नावांच्या शेजारी आणखी एक नाव ठेवून बघायला हवं, नाहीतर गोष्ट फारच गोड वाटेल. ते नाव म्हणजे नकुशा. नकोशी, नकुसा अशीही रूपं आहेत. वरवर पाहता तेही हलकं नाव, धोंडू-केरूच्याच रांगेतलं वाटतं. पण त्याची दिशा बरोबर उलटी आहे. धोंडू म्हणजे ‘हा आम्हाला इतका हवाय की तसं बोलायचीही भीती वाटते’. नकुशा म्हणजे खरंच नको होती. दोन-तीन मुलींनंतर पुन्हा मुलगीच झाली, आता तरी मुली थांबू देत आणि मुलगा होऊ दे, म्हणून देवाला दिलेला तो निरोप होता. आणि तो त्या मुलीच्या शाळेच्या दाखल्यावर, रेशनकार्डावर, लग्नपत्रिकेवर छापला जायचा.

ऑक्टोबर २०११ मध्ये साताऱ्यात जिल्हा प्रशासनाने अशा मुली शोधून काढल्या, तेव्हा २८५ मुली सापडल्या. एका जाहीर कार्यक्रमात त्यांना नवीन नावांची प्रमाणपत्रं देण्यात आली. काहींनी नट्यांची नावं घेतली, काहींनी देवींची.

लस आली, दवाखाना आला, बाळं जगू लागली आणि धोंडू निवृत्त झाला. नकुशा निवृत्त झाली नाही, कारण तिचं दुखणं दवाखान्यातलं नव्हतंच. उलट सोनोग्राफीचं यंत्र आल्यावर तिला नाव मिळण्याआधीच थांबवता येऊ लागलं. महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे मुलींचं प्रमाण २००१ च्या जनगणनेत ९१३ होतं, २०११ मध्ये ते ८९४ वर घसरलं. याच काळात अर्भकमृत्यूचा दर मात्र कमी होत होता.

धोंडो परत येईल का?

जुनी नावं परत येतात. वीस वर्षांपूर्वी आजोबांच्या खात्यात जमा असलेलं मल्हार आज बालवाडीत दोन-दोन असतात. जानकी, रमा, राधा यांनीही पुन्हा जोर धरलाय. पण ही नावं देवाची, रागाची, पुराणातली. नाव शोधणारं अॅप त्यांच्यापुढे छानसा अर्थ लिहू शकतं. ‘धोंडो’पुढे ते काय लिहिणार? ‘दगड’ वाचून कुठलेही आईबाप पुढे सरकतील, आणि त्यांना दोष देता येणार नाही. त्या नावाची गरज पडू नये यासाठीच तर बाळाचं लसीकरणाचं कार्ड फ्रिजवर चुंबकाने लावलेलं असतं.

तोवर धोंडो सापडतो तो पुस्तकांच्या कव्हरवर, दोन टिंबांच्या मधे. सापडतो गावाकडच्या सातबारावर, जिथे कुणीतरी अजून वारसनोंद केलेली नाही. आणि दर तीन वर्षांनी अधिक महिन्यात सासुरवाडीला, पुरण भरून उकडलेला, वर तुपाची धार सोडलेला.